स्कॉट्सबरो खटला : मागे घेतलेली जबानी आणि तिचे न्यायालयीन मूल्य

प्रास्ताविक

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या इतिहासात स्कॉट्सबरो खटल्याचा उल्लेख बहुधा दोन घटनात्मक निवाड्यांच्या संदर्भात येतो. आरोपीला योग्य वकील मिळण्याचा हक्क १९३२ मध्ये, तर ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याच्या प्रथेविरुद्धचा निर्णय १९३५ मध्ये, याच खटल्यातून पुढे आला. या निवाड्यांच्या तेजात एक घटना मात्र झाकोळली गेली. ज्या दोन स्त्रियांच्या जबानीवर हा खटला उभा होता, त्यांपैकी एकीने १९३३ मध्ये भर न्यायालयात आपल्यावर बलात्कार झालाच नव्हता असे शपथेवर सांगितले. तरीही एकाही आरोपीची त्यामुळे सुटका झाली नाही. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खटल्याची पार्श्वभूमी

२५ मार्च १९३१ रोजी चॅटानुगाहून निघालेल्या एका मालगाडीत फुकट प्रवास करणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या तरुणांत मारामारी झाली. महामंदीच्या त्या वर्षांत कामाच्या शोधात अशा गाड्यांवर चढणारे बेकार हजारोंच्या संख्येने होते. गाडीतून उतरवल्या गेलेल्या गोऱ्या तरुणांनी तक्रार केल्यावर अलाबामातील पेंट रॉक येथे गाडी अडवण्यात आली. नऊ कृष्णवर्णीय मुले पकडली गेली; त्यांतील सर्वांत लहान दोघे बारा-तेरा वर्षांचे होते. त्याच गाडीत व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या हंट्सव्हिलच्या कापडगिरणीत काम करणाऱ्या दोन स्त्रियाही सापडल्या. या नऊ जणांनी आपल्यावर बलात्कार केला, असे त्यांनी सांगितले.

६ एप्रिलला स्कॉट्सबरो येथे खटले सुरू झाले आणि चार दिवसांत संपलेही. आठ जणांना मृत्युदंड झाला. सर्वांत लहानांपैकी एक असलेल्या रॉय राइटच्या शिक्षेबाबत ज्यूरीचे एकमत झाले नाही. आरोपींच्या वकिलांना तयारीसाठी वेळ मिळाला नव्हता. या एका मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९३२ मध्ये शिक्षा रद्द केल्या आणि फेरसुनावणीचा मार्ग मोकळा झाला.

रूबी बेट्सची साक्ष

बेट्सचे मतपरिवर्तन एकाएकी झालेले नव्हते. जानेवारी १९३२ मध्ये आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तिने बलात्काराची हकिकत खोटी असल्याचे नमूद केले होते. ते पत्र पोलिसांच्या हाती पडताच तिने पत्रातील मजकूरच खोटा असल्याचे लिहून दिले. म्हणजे जबानी, तिचा इन्कार आणि त्या इन्काराचाही इन्कार, असा हा प्रवास आहे. गरीब, आश्रयहीन आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या एका तरुण स्त्रीचे शब्द प्रत्येक वेळी कोणाच्या दडपणाखाली उच्चारले गेले, हे पाहिल्याशिवाय त्यांचे मोल ठरवता येत नाही.

हेवूड पॅटरसनचा दुसरा खटला डिकेटर येथे न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे चालला. बचावाचे काम न्यूयॉर्कचे वकील सॅम्युअल लीबोविट्झ यांच्याकडे होते. एप्रिल १९३३ मध्ये बचाव पक्षाची अखेरची साक्षीदार म्हणून बेट्स न्यायालयात आली. बलात्कार झालाच नाही आणि प्राइसने सांगितले तसेच आपण बोललो, असे तिने सांगितले. भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होण्याची भीती दोघींना होती, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते.

उलटतपासणीत अॅटर्नी जनरल थॉमस नाइट यांनी तिच्या अंगावरील नव्या कपड्यांची आणि न्यूयॉर्कमधील मुक्कामाची विचारपूस केली. गाडीत काय घडले, हा प्रश्न मागे पडून तिला कोणी पोसले, हा प्रश्न पुढे आला. सरकार पक्षाच्या समारोपाच्या भाषणात तर न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने अलाबामाचा न्याय विकत घेता येणार नाही, असे ज्यूरीला उघडपणे सांगण्यात आले. १९३१ मध्ये तिच्या चारित्र्याची वा दारिद्र्याची अडचण सरकार पक्षाला वाटली नव्हती. काळ्यांविरुद्ध बोलताना ती केवळ एक गोरी स्त्री होती. त्यांच्या बाजूने बोलताच ती विकली गेलेली गिरणीकामगार ठरली. आपल्याकडेही जबानी फिरवणाऱ्याला ‘फितूर’ म्हणतात; साक्ष खरी की खोटी हे ठरण्याआधीच त्या शब्दाने निवाडा दिलेला असतो. ज्यूरीने पॅटरसनला पुन्हा मृत्युदंड सुनावला.

हॉर्टन यांचा निर्णय

२२ जून १९३३ रोजी हॉर्टन यांनी तो निकाल रद्दबातल ठरवला. लक्षणीय बाब अशी की, त्यांनी बेट्सच्या साक्षीचा आधार मुख्य मानला नाही. सरकार पक्षाचाच पुरावा त्यांनी तपासला. डोक्यावर बंदुकीच्या दस्त्याचा घाव बसल्याचे आणि खडीवर पाडून सहा जणांनी अत्याचार केल्याचे प्राइस सांगत होती. दीड-दोन तासांत तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र तशी जखम आढळली नव्हती आणि तिची नाडी व श्वसन जवळपास नेहमीसारखे होते. फिरवलेल्या जबानीवर विसंबणारा निकाल सहज मोडता आला असता. मूळ जबानीच टिकत नाही हे दाखवणे अधिक भक्कम होते. या निर्णयाची किंमत हॉर्टन यांना मोजावी लागली. १९३४ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले.

नंतरचा इतिहास

पुढील खटले न्यायाधीश कॅलहन यांच्याकडे गेले आणि दोषसिद्धी पूर्ववत झाली. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीच्या रचनेवरून त्या पुन्हा रद्द केल्या. गुन्हा घडला होता का, या प्रश्नाला मात्र त्या न्यायालयाने दोन्ही वेळा स्पर्श केला नाही.

जुलै १९३७ मधील तडजोड तर तर्काच्या कसोटीवर अगदीच दुबळी आहे. चौघांवरील आरोप मागे घेण्यात आले. त्यांपैकी विली रॉबर्सन आणि जवळजवळ अंध असलेला ओलेन माँटगोमेरी यांना सरकार पक्षाने निर्दोष मानले, म्हणजे त्यांच्या बाबतीत प्राइसची ओळख चुकली हे मान्य केले. उरलेल्या दोघांच्या बाबतीत त्यांच्या कोवळ्या वयाचे कारण देण्यात आले. त्याच स्त्रीच्या त्याच जबानीवर इतर आरोपी तुरुंगात राहिले. क्लॅरेन्स नॉरिसचा मृत्युदंड १९३८ मध्ये जन्मठेपेत बदलला गेला. १९४८ मध्ये पळून गेलेल्या पॅटरसनला मिशिगनच्या गव्हर्नरांनी अलाबामाच्या हवाली करण्यास नकार दिला. अँडी राइट शेवटचा सुटला, तो १९५० मध्ये.

नॉरिसला १९७६ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या कारकिर्दीत क्षमा मिळाली; त्याच वर्षी रूबी बेट्सचे निधन झाले. व्हिक्टोरिया प्राइसने १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपले म्हणणे बदलले नाही. मरणोत्तर क्षमेसाठी अलाबामाच्या कायद्यात तरतूदच नव्हती. ती २०१३ मध्ये करण्यात आली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला पॅटरसन, चार्ली वीम्स व अँडी राइट यांना क्षमा जाहीर झाली. त्या वेळी नवांपैकी कोणीही हयात नव्हते.