केनेसेथ एलियाहू सिनेगॉग

मुंबईच्या फोर्ट भागात, काळा घोडा चौकालगत डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावर (जुना फोर्ब्ज रस्ता) असलेले ज्यू प्रार्थनामंदिर. बांधणी १८८४. सर्वांगीण दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०१९मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याला ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ मिळाले. निळ्या रंगामुळे लोक त्याला ‘निळे सिनेगॉग’ म्हणतात.

‘केनेसेथ’ म्हणजे सभा, मंडळी. इस्रायलच्या संसदेला ‘क्नेसेट’ म्हणतात ते याच शब्दाने. ‘एलियाहू’ हे एलियास डेव्हिड ससून (१८२०–१८८०) यांचे हिब्रू नाव. त्यांचे पुत्र जेकब ससून (१८४४–१९१६) आणि भावंडांनी वडिलांच्या स्मरणार्थ हे मंदिर उभारले. आराखडा मुंबईच्या गॉस्टलिंग आणि मॉरिस या वास्तुविशारदांचा.

ससून घराणे मराठी वाचकाला अनोळखी नाही, फक्त ते इमारतींच्या नावांतून भेटते. पुण्याचे ससून रुग्णालय, कुलाब्याची ससून गोदी, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय ही सगळी त्यांचीच. खुद्द ‘काळा घोडा’ हे नावही त्यांच्याच दानाचे. अल्बर्ट ससून यांनी प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवा एडवर्ड) अश्वारूढ पुतळा शहराला दिला आणि लोकांनी राजपुत्राला वगळून घोड्याचे नाव चौकाला दिले. १९६५मध्ये पुतळा हलवला गेला आणि आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. नाव मात्र चौकातून हलले नाही.

घराण्याचे मूळ पुरुष, एलियास यांचे वडील डेव्हिड ससून बगदादमधला छळ चुकवून १८३२च्या सुमारास मुंबईत आले. पैसा आला तो अफू आणि कापसाच्या व्यापारातून. चीनला जाणाऱ्या अफूचा भाग त्यात मोठा होता, हे या कुटुंबाच्या दानशूरपणाबरोबरच नोंदवले पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचे नशीब फळफळले आणि त्यांत ससूनही होते. वऱ्हाडचा संबंध येतो तो इथे. लिव्हरपूलच्या बाजारात भारतीय कापसाच्या एका मोठ्या वर्गाला ‘ऊमरा’ म्हणत, आणि हे नाव उमरावतीचे, म्हणजे आजच्या अमरावतीचे. १८६७पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली आणि वऱ्हाडातल्या गाठी थेट मुंबईच्या बंदरावर उतरू लागल्या. त्याच वर्षी एलियास यांनी भावांपासून वेगळे होऊन ‘ई. डी. ससून’ ही स्वतःची पेढी काढली. तिच्या गिरण्या पुढे मुंबईतल्या मोठ्या गिरण्यांत मोजल्या गेल्या.

मंदिर बांधले गेले ते बगदादी ज्यूंसाठी. ते व्यापारी होते, घरात अरबी आणि पुढे इंग्रजी बोलत. महाराष्ट्राचे जुने ज्यू म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, वाचलेले कोकणात तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ झाले. मराठी ही त्यांची मायबोली. सिनेगॉगला ते ‘मशीद’ म्हणत. मांडवीत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलेले शार हारहामीम ही त्यांची ‘जुनी मशीद’, आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगितले जाते. पुणेकर मात्र ओहेल डेव्हिड सिनेगॉगला (१८६७) ‘लाल देऊळ’ म्हणतात. प्रार्थनेच्या एकाच प्रकारच्या घराला मशीद आणि देऊळ दोन्ही म्हणणारी भाषा विरळाच.

इमारतीचे दगडी जोते उंच आहे. प्रार्थनेचे दालन वरच्या मजल्यावर असून तिथे जिन्याने जावे लागते. मधोमध तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, वाचनाचा चौथरा, सभोवार बाके, वर स्त्रियांसाठी सज्जा, जमिनीवर इंग्लंडहून आणवलेल्या मिंटन फरश्या. तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचा हेखाल पश्चिमेच्या भिंतीला आहे, कारण मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला. युरोपातली सिनेगॉग त्याच कारणाने बहुधा पूर्वेकडे तोंड करतात. हेखालाच्या वर रंगीत काचांची मोठी खिडकी आहे. दुपार उतरू लागली की ऊन तिच्यातून आत येते. इमारत पाहायची खरी वेळ हीच.

१९४७ आणि १९४८ या लागोपाठच्या वर्षांनी या खिडकीखालची माणसे कमी केली. भारत स्वतंत्र झाला, इस्रायलची स्थापना झाली. बगदादी कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे, बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. २०११च्या जनगणनेत देशभरातले ज्यू पाच हजारांच्या आत होते. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६मध्ये. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला ‘मिनयान’ म्हणतात. दहा माणसे जमवण्याची चिंता असलेल्या मंडळीने छपराची गळती आणि काचांच्या भेगा कशा सांभाळायच्या? इमारत पडली नाही ती ससून न्यासामुळे, पण न्यासाच्या आवाक्यातली ती डागडुजीच. प्रत्येक खेपेला वर रंगाचा एक हात चढत गेला.

जीर्णोद्धाराचे काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे होते. जेएसडब्ल्यू फाउंडेशनने पैशाचा मोठा वाटा उचलला आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाचेही साहाय्य झाले. अशा कामात नवे बांधण्यापेक्षा मधल्या काळातले काढणे अवघड असते. रंगाचे थर एकेक करून खरवडायचे आणि खालचा मूळ रंग ओळखायचा. जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतो, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडते. अकोला-बुलढाण्याकडच्या गढ्यांवर सिमेंटचे हात फिरलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचा परिणाम सांगायला नको. इथे छप्पर, लाकूडकाम, काचा, फरश्या, वीजजोडणी सगळ्यांनाच हात लागला. बाहेरचा निळा रंग राहिला, पण भडक फिरोजी जाऊन सौम्य छटा आली. काही मुंबईकरांना जुना भडकपणाच आवडत होता. तो मूळचा नव्हता हे कळल्यावरही आवडत राहिला, आणि त्यात गैर काही नाही.

तुलनेसाठी दोन उदाहरणे. केरळात परावूर आणि चेंदमंगलम येथील सिनेगॉग शासनाच्या पुढाकाराने दुरुस्त होऊन संग्रहालये झाली, कारण तिथली मंडळीच निघून गेली होती. कोलकात्याचे मागेन डेव्हिड याच १८८४ सालचे आणि तेही मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेले. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. मुंबईचे सिनेगॉग संग्रहालय झाले नाही. तिथे आजही प्रार्थना होते आणि तिला येणाऱ्यांत बेने इस्रायलही असतात. बगदाद्यांच्या मंदिरात कधीकाळी त्यांना बरोबरीची वागणूक नव्हती. लोकांसाठी खुले असणे म्हणजे इथे प्रार्थनेला आलेल्याने पाहुण्याला बाजूला बसू देणे. फलक आणि काचेच्या पेट्या लावण्यापेक्षा हे नाजूक काम आहे.

दारातला पोलीस पहारा पाहून नवखा माणूस दचकतो. नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याचे नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाले होते, हे त्याचे कारण. ओळखपत्र दाखवून, नोंद करून आत सोडतात आणि पुरुषांनी डोके झाकायचे असते. अमरावतीहून संध्याकाळी अंबा एक्सप्रेसने निघालेला प्रवासी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, तिथून काळा घोडा पायी गाठता येतो. शनिवार मात्र टाळावा. तो शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, तेव्हा दार फक्त प्रार्थनेसाठी उघडते.