परवडणारी जीप : परभणीच्या काळ्या मातीतला दुरुस्तीचा इतिहास

मागच्या खेपेला आपण मोटेकडून ऑइल इंजिनापर्यंत आलो होतो. आज जीप. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्याच काळात घरची एक जुनी जीप दुरुस्त करत राहिलो. दोन्हींपैकी कोणत्या कामात जास्त वेळ गेला, हे आमच्या घरच्यांना विचारू नका.

प्रश्न साधा आहे. परभणी जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हातात वर्षातून एकदा, फार तर दोनदा पैसा येतो. अशा ठिकाणी लष्करासाठी आखलेली, चारही चाकांना ताकद देणारी गाडी जुनी झाल्यावरही लोकांनी वर्षानुवर्षं चालवली. हे परवडलं कसं? लोक म्हणतात, जीप स्वस्त होती. मुळीच नव्हती. पेट्रोलची जीप तर पेट्रोल पिण्यात बदनाम होती. स्वस्त होती ती दुरुस्ती, आणि ती स्वस्त का होती याला इतिहास आहे.

तो सुरू होतो दुसऱ्या महायुद्धात. विलीज कंपनीची जीप १९४१ साली मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मागणी एवढी वाढली की अमेरिकन सरकारनं तोच आराखडा फोर्ड कंपनीलाही दिला. अट अशी की एकीचा भाग दुसरीच्या गाडीत बसला पाहिजे. फोर्डनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ अक्षर उमटवलं. पण माप तेच ठेवलं. आघाडीवर दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करता यावी, हा त्यामागचा विचार. पुढे परभणीच्या गॅरेजात आम्ही नेमकं हेच होताना पाहिलं, फक्त युद्ध नव्हतं.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९४५ साली लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. तोवर मुंबईत विलीज जीपच्या जुळणीचं काम हाती घेतलेलं होतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण विषय दुरुस्तीचा आहे. स्वतंत्र भारतातलं पहिलं गाजलेलं खरेदी प्रकरण कशाचं होतं? जुन्या जीपचंच! १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयानं, म्हणजे कृष्ण मेनन यांनी, दुरुस्त करून मिळणाऱ्या वापरलेल्या जीपचा करार केला. प्रत्यक्षात आल्या १५५, आणि त्याही कामाच्या नव्हत्या. संसदेत बराच गदारोळ झाला. १९५५ साली सरकारनं प्रकरण बंद केलं. जुनी जीप घेताना ‘दुरुस्त केलेली आहे’ एवढ्या शब्दावर विसंबू नये, हे आमच्या गावातल्या माणसाला कळत होतं, ते लंडनमध्ये कळलं नाही.

आता परवान्यांच्या काळाकडे येऊ. उंच बॉनेटची जी जीप आपल्या डोळ्यांसमोर येते, ती विलीजची सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ ला आली आणि १९६८ ला बंद झाली. आपल्याकडे तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. त्या काळाला आपण नावं ठेवतो. स्पर्धा नाही, नवं काही नाही, ग्राहकाला वर्षानुवर्षं तेच ते. तक्रार खरी आहे. पण त्याच थांबलेपणामुळे साठ सालच्या गाडीचे कितीतरी भाग ऐंशी सालच्या गाडीला बसत होते. उद्योगाच्या दृष्टीनं जी कोंडी, ती जुन्या गाडीच्या मालकासाठी सोय होती. हे म्हणणं काहींना आवडणार नाही. पण आमचा अनुभव हाच आहे.

आपल्या भागात जीप आली ती मुख्यतः सरकारची. १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. मग १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप म्हणजे गावात सरकार आलं. १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ झालं. या सगळ्या गाड्या कधी ना कधी ‘निर्लेखित’ व्हायच्या. सरकारी भाषेतला हा शब्द आम्हाला फार आवडतो. निर्लेखन म्हणजे वस्तू जागेवरच असते, फक्त वहीतून पुसली जाते. वहीतून पुसलेली जीप लिलावात निघायची आणि तिथून शेतकऱ्याच्या दारात यायची.

आमच्या वडिलांनी १९८८ च्या सुमारास अशीच एक घेतली. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. गाडीचं पेट्रोल इंजिन थकलेलं होतं. वर्षभरानं ते काढून डिझेल बसवलं आणि आरसी बुकात तशी नोंद करून घेतली. डिझेल इंजिनाची एक गंमत होती. महिंद्राच्या त्या काळच्या डिझेल जीपचं इंजिन इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातलं होतं. त्यामुळे जो मिस्त्री ट्रॅक्टर खोलायचा, तोच जीपही खोलू शकत होता. तालुक्याच्या गावी जीपचा खास मिस्त्री असायची गरजच उरली नाही.

आता हिशेब. सुटा भाग तीन प्रकारचा मिळे: कंपनीचा नवा, लोकल नवा आणि भंगारातला ओरिजिनल. गिअरपेटीच्या दात्यांसाठी मिस्त्री तिसरा मागायचा. म्हणायचा, लोकल पोलाद मऊ असतं. रिंग-पिस्टन नवे घ्यायचे, बेअरिंग नवं घ्यायचं; पण पाटा तुटला तर दुसऱ्या गाडीच्या पाट्यांतला एक कापून बसवायचा. जे मिळत नाही ते लेथवर करून घ्यायचं. मजुरी कमी होती. आणि हेही सांगितलं पाहिजे, की ती कमी होती म्हणून आम्हाला परवडत होतं. गॅरेजात खाली झोपून आमची गाडी दुरुस्त करणारी बारा-चौदा वर्षांची पोरं त्या पैशात काय खात होती, हा प्रश्न आम्ही नीतिशास्त्र शिकवत असतानाही स्वतःला विचारला नाही.

आणि उधारी. ‘परवडणं’ म्हणजे नुसती रक्कम नव्हे, पैसा कधी मागितला जातो तेही त्यात येतं. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत कापसाचे पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे. गॅरेजवाल्याची वहीही त्याच चालीनं चालायची. जून-जुलैत गाडी नेली की उस्ताद खालून आवाज ऐकायचा, वर यायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, “अब्बी चलने दो, कपास के बाद देखते.” चालेपुरतं काम करून गाडी परत. निम्मी दुरुस्ती ही दुरुस्तीचीच एक जात आहे, हे तिथं शिकलो.

पण या चालेपुरत्या कामात पहिला बळी जायचा तो पुढच्या शाफ्टचा. इंजिनातली ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा हा लांब दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, ते झिजले की गाडी खडखडते. क्रॉस बदलण्यापेक्षा शाफ्टच काढून ठेवणं स्वस्त. गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, जराशी हलकीही वाटते. जिल्ह्यात अशा कितीतरी जीप होत्या, ज्या फक्त नावाला फोर बाय फोर. आमचाही शाफ्ट काढला आणि पोत्यात गुंडाळून गोठ्यात ठेवला. दोन वर्षं तो तिथेच होता.

नव्वदच्या दशकातली एक ऑगस्टची रात्र. झड लागलेली. गावातल्या एका घरची सून अडली. जीप आमच्याकडेच, म्हणून माणसं आमच्या दारात आली. आमचा धाकटा भाऊ चालवायला बसला, आम्ही शेजारी. गावापासून डांबरी सडकेपर्यंत साधारण चार किलोमीटर पांदण. आपली काळी माती भिजली की फुगते, टायरच्या खाचा लिंपून टाकते, मग टायर म्हणजे नुसता गुळगुळीत गोळा. अर्ध्या वाटेवरच्या नाल्यात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. भावानं सवयीनं फोर व्हीलचा दांडा ओढला. दांडा पडला, पुढची चाकं हलली नाहीत. हलणार कशी? शाफ्ट गोठ्यात होता. गावातून बैलजोडी आणून गाडी ओढून काढेपर्यंत दीड-दोन तास गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा पहाट होत होती. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

शाफ्ट असता तर वाचलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना आम्ही विचारलंही नाही. त्या घरच्यांनी आम्हाला कधी एक शब्द लावला नाही, उलट आभार मानले. पुढच्या आठवड्यात वडिलांनी सावकाराकडून पैसे काढले, कापूस फुलावर यायच्या आधी, आणि दोन्ही क्रॉस नवे, कंपनीचे घातले. उस्तादानं “कपास के बाद” म्हटलं नाही. त्यालाही कळलं होतं.

मिलिंदपन्हात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? शेवटी ठरतं ते असं की भाग एकत्र आले की ‘रथ’ हे नाव पडतं, त्यापलीकडे रथ असा काही सापडत नाही. आम्ही हा उतारा वर्गात अनेक वर्षं शिकवला. त्या रात्रीनंतर आमच्या मनात त्याला एक शेपूट जोडलं गेलं: नाव कायम राहतं, भाग काढलेला असतो, आणि नावावर भरवसा ठेवून कोणीतरी गाडीत बसलेलं असतं. आरटीओचं उत्तर मात्र सोपं आहे. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चॅसी नंबर.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या भंगारात जातात. म्हणजे लिलावातून शेतकऱ्याच्या दारात येणारी ती वाट बंद झाली. जुन्या गाड्यांचा धूर आणि ब्रेक पाहता या नियमांना विरोध करावा असं आम्हाला वाटत नाही. नव्या गाड्या चांगल्याच आहेत. फक्त त्यांच्या इंजिनात संगणक आहे, आणि दिवा लागला की तो का लागला हे विचारायलाही स्कॅनर लागतो. ट्रॅक्टरचा मिस्त्री तिथं हात टेकतो.

आमची जीप अजून आहे. एमएच २२ क्रमांक यायच्या आधीची तिची नंबरप्लेट. वडील गेले, उस्ताद गेले. गेल्या वर्षी पुण्याहून एक तरुण तिला बघायला आला. हौस म्हणून जुन्या जीप नीट करतो म्हणाला. त्यानं सांगितलेली किंमत आम्ही तिच्यावर आजवर केलेल्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त असावी. बॉनेट उघडायच्या आधी त्यानं एकच गोष्ट विचारली, “काका, फोर बाय फोर चालू आहे ना?”

भाऊ म्हणाला, “चालू आहे.” आणि त्याला गाडीखाली वाकून शाफ्ट बघायला लावला. गाडी मात्र अजून दिलेली नाही.