घरात समुद्र सांभाळणाऱ्या बायका



आज सुरुवात पोवळ्यापासून करू. डोरल्याच्या काळ्या पोतीत अधूनमधून लाल मणी ओवलेले असतात, ती पोवळी. आता बाजारात मिळतात ती बहुतेक काचेची नाहीतर प्लास्टिकची. पण आजीच्या गाठोड्यातलं पोवळं खरं असेल तर तो दगड नाही आणि कुठल्या झाडाचं बीही नाही. ते समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या बारीक जिवांनी बांधलेलं घर आहे. लाल पोवळं मुळात इटलीजवळच्या भूमध्य समुद्रातलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते जहाजानं भडोचच्या बंदरात उतरत होतं, अशी नोंद त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं करून ठेवली आहे. म्हणजे समुद्र कधीच न पाहिलेल्या बायकांच्या गळ्यापर्यंत समुद्र कधीचाच पोचला होता. फक्त मेलेला.

तोच जीव घरात जिवंत ठेवायचा खटाटोप कुणी केला, ती गोष्ट आज सांगायची आहे. आमच्या गटांमधल्या पोरी मोबाइलवर निळ्या उजेडातल्या काचपेट्या दाखवतात. आत रंगीत मासे, हलणारी फुलं, दगडावर उगवलेलं काहीतरी. ती फुलं नव्हेत, ते प्रवाळ. फुलासारखा दिसणारा एकेक प्राणी पाण्यातून चुना घेतो आणि आपल्याखाली दगडासारखी बैठक बांधत जातो. अशा पेटीला शहरात रीफ टँक म्हणतात. पोरी विचारतात, ताई, हे आपल्याकडे होईल का? त्याचं उत्तर शेवटी देऊ. आधी हे सुरू कुठून झालं ते ऐका, कारण या कामाची सुरुवात बायकांच्या हातून झाली आहे.

पहिली बाई फ्रान्सची, जान विलप्रो. जन्म १७९४, एका लहान गावातल्या चांभाराच्या घरात. अठराव्या वर्षी पॅरिसला गेली, शिवणकाम शिकली, आणि हाताला इतका गुण की १८१६ साली राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिनं केला. पुढे पॉवर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात आठ हातांचा एक प्राणी असतो, कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणारा. हा शिंपला तो स्वतः करतो की दुसऱ्याचा बळकावतो, यावर विद्वानांचा वाद चालू होता. मेलेला प्राणी टेबलावर ठेवून तो वाद मिटण्यातला नव्हता. जानबाईनं १८३२ च्या सुमारास काचेची टाकी करून घेतली, समुद्राचं पाणी भरलं आणि जिवंत प्राणी समोर ठेवून पाहत बसली. काही पिंजरे थेट समुद्रातच नांगरून ठेवले. शिंपल्याचा तुकडा मोडला तर प्राणी तो स्वतः सांधतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. वाद मिटला. १८३८ साली तिचा संग्रह आणि चित्रं घेऊन निघालेलं जहाज बुडालं आणि बरंच काही तळाशी गेलं. तरी समुद्री जीव काचेत ठेवून अभ्यासणारी पहिली माणसं मोजायची झाली तर तिचं नाव वर येतं.

पण प्रवाळाची खरी गोष्ट दुसऱ्या बाईची. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबे नावाचं मोठं चर्च आहे. तिथल्या एका धर्मगुरूची बायको, ॲना थिन. १८४६ साली ती टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली असताना तिला खडकाला चिकटलेली लहान प्रवाळं दिसली. ती तिनं दगडी बरणीत समुद्राचं पाणी घालून लंडनला आणली. प्रवासात गचके बसून ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून काय केलं असेल? सुई-दोरा घेतला आणि एका मोठ्या स्पंजाला ती टाचून टाकली. आपण गोधडी टाचतो तशी.

आता अडचण पाण्याची. लंडनहून समुद्र जवळ नाही आणि साठलेलं पाणी शिळं होतं. पाण्यात हवा विरघळलेली असते, ती जिवांनी वापरली की गुदमरायची वेळ येते. पंप नव्हते, वीज तर नव्हतीच. उपाय असा निघाला की उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, परत पहिल्यात ओतायचं, चहा निववतो तसं. अर्धा-पाऊण तास. हे काम ॲनाबाईच्या घरची मोलकरीण, एक लहान मुलगी, करत असे. काम थकवणारं होतं हे ॲनाबाईनं लिहिलं आहे. त्या मुलीला त्यात गंमत वाटायची, असंही लिहिलं आहे. मुलीला स्वतःला काय वाटत होतं ते कुठे छापलेलं नाही आणि तिचं नावही नाही. आज प्रत्येक टाकीत बुडबुडे सोडणारा पंप असतो. तो ज्या कामासाठी आहे, ते काम जगात आधी एका मोलकरणीच्या मनगटानं केलेलं आहे.

पुढच्या वर्षी ॲनाबाईनं टाकीत जिवंत समुद्री शेवाळही ठेवलं. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, तो प्रवाळांना मिळाला. तिची प्रवाळं नुसती जगली नाहीत, त्यांना पिल्लं झाली. जवळपास तीन वर्षं हा संसार चालला. पण तिचं टिपण छापून आलं १८५९ साली. मधल्या काळात, १८५० मध्ये वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं मासे आणि वनस्पती एकत्र ठेवण्याचा प्रयोग जाहीर केला, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकानं ॲक्वेरियम हा शब्द घरोघरी नेला. ज्यांचं आधी छापून आलं त्यांचं नाव झालं. आमच्या गटांच्या सभेत ठराव एकीनं सुचवायचा आणि वहीत नाव दुसरीचं, असं होतं ना, त्यातलीच ही तऱ्हा.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. रेल्वेही आली. मग काय, दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची टूमच निघाली. लोक हातोडे-छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागले. खडकातली डबकी अशी ओरबाडली गेली की त्याबद्दलचं दुःख पुढे गॉस यांच्याच मुलानं आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. ही लूट ध्यानात ठेवा, तिचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

ॲनाबाईची प्रवाळं थंड समुद्रातली, एकेकटी राहणारी. उष्ण समुद्रातली, बेटंच्या बेटं बांधणारी प्रवाळं मात्र त्यानंतर शंभर वर्षं टाकीत टिकेनात. कारण त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं, प्रवाळ त्याला आसरा देतं. उजेड कमी पडला की दोघं उपाशी. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. हे कोडं बरंचसं सोडवलं इंडोनेशियातल्या जकार्ता शहराच्या ली चिन एंग यांनी. त्यांनी १९६१ साली आपली पद्धत छापून आणली. समुद्राचं पाणी, भरपूर ऊन, बारीक बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड. जिवंत अशासाठी की दगडाच्या भोकाभोकांत जिवाणू असतात आणि माशांची घाण तेच पचवतात. दुधाला विरजण तसा तो दगड. आजची रीफ टँक याच विरजणावर लागते. नवी टाकी भरली की चार-सहा आठवडे नुसती चालू ठेवायची. घाणीतला विषारी अमोनिया जिवाणू पचवू लागले की मग एकेक जीव आत सोडायचा. घाई केली की मासे मेलेच.

आपल्या राज्यात लोकांनी समुद्र काचेमागे पाहिला तो मुंबईत मरीन ड्राइव्हवर, तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं, तेच राजेंद्रबाबू जे वर्ध्याला येऊन अनेकदा राहिलेले. आपल्या किनाऱ्याला प्रवाळ आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. मालवणच्या समुद्रात आहे, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला दूर समुद्रात आंग्रे बँक नावाचा बुडालेला पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा, तिथेही आहे. खुद्द मुंबईच्या खडकांवर आहे.

२००१ साली भारत सरकारनं दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. ज्या यादीत वाघ आहे तीच ही यादी. समुद्रातून प्रवाळ तोडणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्हा. यात्रेत, समुद्रकाठच्या दुकानात पांढरं प्रवाळ शोभेला म्हणून समोर केलं तर हात लावू नये. हा कायदा किती कडक आहे ते २०२० मध्ये दिसलं. मुंबईचा सागरी किनारा रस्ता होत असताना वरळी आणि हाजी अली इथे प्रवाळाच्या १८ लहान वसाहती आडव्या आल्या. एवढा हजारो कोटींचा रस्ता, पण वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय त्या हलवता आल्या नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्या उचलून दुसऱ्या जागी लावल्या. आम्हाला ही बातमी फार आवडली होती.

आता पोरींच्या प्रश्नाचं उत्तर. वर्ध्यात रीफ टँक होईल का? श्रीमंताला होईल, आपल्याला परवडणार नाही, आणि का ते हिशेबानंच बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. २०० लिटरच्या टाकीला ७ किलो, तेही स्वयंपाकाचं नाही. चुना, मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार असलेलं वेगळं मीठ, बाहेरून मागवायचं. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं, गुंडाच्या तळाशी पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहताच. ते चालत नाही, आरओचं लागतं, आणि घरच्या आरओत एक गुंड चांगल्या पाण्यामागे दोन-तीन गुंड वाया जातात. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालायची, खाऱ्या नाही. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं. आपल्या मे महिन्यात पारा ४५ वर जातो, म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र चोवीस तास चालू. वीज गेली की प्रवाळ गुदमरायला लागतं. ज्या गावात मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कुणी हे करू म्हटलं तर आम्ही तरी सही करणार नाही.

गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं वेगळं. गप्पी, मोली असे मासे कठीण पाण्यातही तग धरतात आणि सावलीतल्या सिमेंटच्या टाक्यांमध्ये वाढतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातलं शोभेच्या माशांचं युनिट धरलेलं आहे. खर्चाची मर्यादा ३ लाख, बायकांना त्यावर ६० टक्के अनुदान. सध्या अर्ज घेतात का, ते आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या. आणि प्रस्ताव करताना टाकी, खाद्य, वीज यांच्या जोडीला एक ओळ आणखी लिहा. रोज पाणी बदलायला, टाकी घासायला कोण बाई, किती वेळ, आणि तिला गटाकडून किती मजुरी. नावासकट लिहा.