रस व अख्खी फळे-भाज्या (धाराशिव जिल्हा)

फळ, भाजी वा ऊस पिळून चोथा काढून टाकल्यावर उरणारे पेय म्हणजे रस. तो प्यावा की मूळ पदार्थच चावून खावा, हा ऊस व द्राक्षे पिकवणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात रोजच्या आहाराचा प्रश्न आहे. आरोग्यदृष्ट्या अख्खे फळ निःसंशय श्रेष्ठ ठरते.

कारण : पिळताना साखर, पाणी, क्षार व काही जीवनसत्त्वे रसात उतरतात, तंतू बहुतांशी चोथ्यात जातात. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश मिसळते, पोट भरते व शौचास साफ होते. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात द्राक्षे, सफरचंदे अख्खी खाणाऱ्यांत मधुमेहाचा (प्रकार २) धोका कमी, तर फळांचे रस पिणाऱ्यांत अधिक आढळला. तुळजापूर, धाराशिव तालुक्यांतील द्राक्षे म्हणूनच घडावरून खाण्यात हित आहे. मात्र ती आधी स्वच्छ धुवावीत.

उसाचा रस : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेनुसार १०० मिलि. रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते. प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ३० ग्रॅम आहे. रसवंतीवरचा २५० मिलि.चा एकच पेला ती ओलांडतो. कांडी सोलून खाल्ली तरी चोथा थुंकला जातो आणि साखर पोटात जातेच. पण चावण्याच्या श्रमामुळे ऊस कमी खाल्ला जातो. मधुमेहींनी दोन्ही टाळावे.

भाज्यांचा रस : कडू दुधीच्या रसातील कुकुरबिटासिन या विषारी घटकामुळे उलट्या, रक्तस्राव, क्वचित मृत्यूही ओढवतो. रसापूर्वी दुधीची फोड चाखावी. कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा.

स्थानिक परंपरा : मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला जिल्ह्यातील कुटुंबे शेतात जेवतात. ओला हरभरा, तूर, वाटाणा व पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील हा त्या जेवणाचा गाभा. भज्जीत भाज्या व दाणे चोथ्यासह पोटात जातात. हा वारसा वर्षभर जपण्याजोगा आहे.

अपवाद : दात नसलेल्यांनी वा गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने फळ कुस्करून किंवा वाटून, न गाळता घ्यावे.

प्रमाण : २,००० कॅलरींच्या आहारात दररोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, अशी उपरोक्त मार्गदर्शिकेची शिफारस आहे.