उडीची चाळीस वर्षं

१९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामात 'रडार स्कोप' या गेमची सुमारे दोन हजार यंत्रं धूळ खात पडली होती. मागवली होती तीन हजार, खपली जेमतेम हजार. तेव्हा त्याच यंत्रांमध्ये बसवता येईल असा नवा गेम तयार करायचं ठरलं आणि ते काम क्योटोतल्या शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. मियामोतो यांना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. त्यांचं शिक्षण औद्योगिक डिझाइनचं होतं. त्यांनी तिरक्या तुळया रचल्या, त्यांना शिड्या जोडल्या, वरून पिंपं गडगडत सोडली आणि त्या पिंपांवरून उडी मारणारा एक बुटका सुतार उभा केला. हाच 'डाँकी काँग'. पडून राहिलेली यंत्रं नव्या गेमसह हातोहात खपली आणि तो सुतार पुढे मारिओ या नावाने जगभर पोचला.

मजले आणि शिड्या असलेले गेम त्याआधीही होते. १९८० च्या 'स्पेस पॅनिक'मध्ये दोन्ही होतं, पण उडी नव्हती. 'डाँकी काँग'मध्ये उडी आली, तीही अगदी ताठर. एकदा पाय सुटले की खेळणाऱ्याच्या हातात काही उरत नसे. उंची ठरलेली, अंतर ठरलेलं, हवेत वळायची सोय नाही. शिवाय सगळा खेळ एका पडद्यात मावणारा. प्लॅटफॉर्म गेमचा पुढचा सगळा इतिहास हा या दोन अडचणींवर केलेल्या मेहनतीचा इतिहास आहे: पडदा सरकता कसा करायचा आणि उडी खेळणाऱ्याच्या हाती कशी द्यायची.

पहिल्या अडचणीतून डेव्हिड क्रेन यांनी १९८२ साली एक वाट काढली. अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी त्यांनी केलेल्या 'पिटफॉल'मध्ये जंगलातून पळायचं, वेलीला लटकून खड्डे ओलांडायचे, मगरींच्या डोक्यांवर पाय देत पलीकडे जायचं आणि २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करायचे. जंगल तब्बल २५५ पडद्यांचं, पण अख्खा गेम चार किलोबाइटचा. इतके पडदे साठवायला जागाच नव्हती. म्हणून क्रेन यांनी जंगल साठवलंच नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढणारं छोटं गणित लिहिलं आणि त्या आकड्यांवरून प्रत्येक पडद्यातले खड्डे, झाडं, ओंडके ठरवले. पडदा मात्र अजून सरकत नव्हता. कडेला पोचलं की पुढचं चित्र एकदम समोर येई. आर्केडमध्ये नाम्कोच्या 'पॅक-लँड'ने १९८४ मध्ये रस्ता, घरं आणि झाडं आडवी सरकत नेली, आणि मियामोतो यांच्या पुढच्या कामावर त्या गेमचा प्रभाव पडला.

घरात हे जमलं ते फॅमिकॉममुळे. निन्टेंडोचं हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलं. त्यातली चित्राची चिप पार्श्वभूमी लहान लहान चौकटींतून जोडत असे आणि एक आकडा बदलला की सगळं चित्र बाजूला सरकवत असे. पडदा नव्याने रंगवायची गरज नव्हती. नजरेआड असलेल्या भागात पुढचा एकेक उभा पट्टा भरत गेलं की जग संपतच नसे.

या यंत्रासाठी मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, असे ३२ टप्पे; कोजी कोंदो यांचं संगीत; आणि हे सगळं ४० किलोबाइटमध्ये. काटकसर जागोजागी दिसते. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा.

पहिला टप्पा जवळून पाहावा असा आहे. मारिओ डाव्या बाजूला उभा आहे, उजवीकडे मोकळी जागा आहे. कुठे जायचं हे सांगायला पाटी लागत नाही. चार पावलांवर प्रश्नचिन्हाची चौकट चमकते आणि समोरून गूंबा नावाचा तपकिरी प्राणी चालत येतो. हा गूंबा निर्मितीच्या अगदी अखेरीस आला, कारण कासवांपासून सुरुवात करणं नवख्यांना जड जाईल असं करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. त्याला टाळायला उडी मारली की एक तर त्याच्यावर पाय पडतो, नाही तर डोकं चौकटीवर आपटून नाणं निघतं. कुठल्याही तऱ्हेने काहीतरी शिकणं होतंच. पुढच्या चौकटीतून मशरूम बाहेर पडतं, उजवीकडे घरंगळतं, हिरव्या पाइपवर आपटतं आणि उलटं मारिओकडेच येतं. घाबरून चुकवायचं म्हटलं तरी ते बहुधा अंगावर येतं, मारिओ मोठा होतो आणि हे आपल्या भल्याचं आहे हे कळतं. टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन जिने आहेत आणि त्यांच्यामध्ये साधी जमीन. चुकलात तर खाली उतरा, पुन्हा चढा. लगेच पुढे तसेच दोन जिने, पण आता मध्ये खड्डा. सराव आधी, परीक्षा नंतर. एक शब्द न उच्चारता शिकवणारा असा पाठ क्वचितच कुणी इतक्या कसोशीने रचला असेल.

उडीचंही रूप पालटलं. बटण टिचकीसारखं दाबलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर उंच. धावत येऊन मारली तर आणखी उंच आणि लांब. हवेत असताना मारिओला मागेपुढे झुकवता येतं, पण पूर्ण नाही. धावताना एकदम वळवला तर पाय घसरतात. या किंचित घसरण्यातच या गेमचा प्राण आहे. शरीराला वजन आहे असं बोटांना वाटू लागतं. पडलो तर आपल्या चुकीने पडलो, हे खेळणाऱ्याला मनोमन पटतं आणि म्हणूनच तो पुन्हा सुरुवात करतो.

भारतात हे गेम मुख्यतः आडवाटेने आले. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत पोचल्या. सगळे त्यांना 'टीव्ही गेम' म्हणत आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटच्या वेष्टणावर शेकडो, कधी हजारो गेमचा आकडा छापलेला असे. यादीत खाली जावं तर मारिओ आणि 'काँट्रा' हेच वेगवेगळ्या नावांनी परत परत भेटत. गेम चालू झाला नाही तर कॅसेट काढायची, फुंकायची, पुन्हा घालायची. कॉम्प्युटर क्लासमध्ये याच काळात 'डेव्ह' होता. चषक मिळवल्याशिवाय दार न उघडणारा हा 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरो यांचा.

त्याच डेव्हचा या इतिहासात आणखी एक वाटा आहे. १९९० मध्ये पर्सनल कॉम्प्युटरला फॅमिकॉमसारखं चित्र सरकवणं जमत नव्हतं. अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्ट इथे सॉफ्टडिस्क कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅक यांनी एक युक्ती काढली: पडदा सरकला तरी ज्या चौकटी आधीसारख्याच दिसतात त्यांना हात लावायचा नाही, बदलतात तेवढ्याच रंगवायच्या. सप्टेंबरमधल्या एका रात्रीत त्यांनी आणि टॉम हॉल यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा पहिला टप्पा कॉम्प्युटरवर हुबेहूब उभा केला, मारिओच्या जागी डेव्हला घातलं आणि फ्लॉपी रोमेरो यांच्या टेबलावर ठेवली. पुढे त्यांनी तो गेम कॉम्प्युटरवर आणायचा प्रस्ताव निन्टेंडोला दिला. निन्टेंडोने नकार दिला. मग त्याच युक्तीवर 'कमांडर कीन' उभा राहिला आणि तो १४ डिसेंबर १९९० रोजी प्रसिद्ध झाला. काही महिन्यांत या मंडळींनी इड सॉफ्टवेअर काढली. 'डूम' करणारी हीच कंपनी.

१९९१ मध्ये सेगाच्या 'सॉनिक'ने वेगळाच प्रश्न घेतला: वेग. युजी नाका यांनी वळणदार पृष्ठभागावरून पात्र सुरळीत नेण्याचं गणित बसवलं होतं. त्यामुळे सॉनिक उतारावर वेग पकडतो, चढावर मंदावतो आणि पुरेसा जोर असेल तर गोल फासातून उलटा होऊन बाहेर पडतो. इतक्या वेगात धडकणं अटळ, म्हणून सोन्याच्या कड्यांची योजना होती. एक कडी जरी जवळ असली तरी शत्रूची धडक जीव घेत नाही; कड्या विखुरतात आणि काही परत वेचता येतात. नाओतो ओशिमा यांनी रेखाटलेलं पात्र आणि हिरोकाझू यासुहारा यांनी आखलेले टप्पे या वेगाला शोभणारे होते.

१९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'नंतर मोठ्या कंपन्या त्रिमितीकडे वळल्या आणि आडवा सरकणारा गेम जुना वाटू लागला. २००६ मध्ये निन्टेंडोनेच 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स' आणून त्याला पुन्हा मैदानात उतरवलं. पाठोपाठ छोट्या चमूंचे गेम आले: 'ब्रेड' २००८ मध्ये, 'सुपर मीट बॉय' २०१० मध्ये. २०१८ चा 'सेलेस्ट' उडीच्या कारागिरीचा कळस म्हणावा असा आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांच्या या गेममध्ये मॅडेलाइन नावाची मुलगी डोंगर चढते. तिचा पाय कड्यावरून सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मान्य होते. जमिनीला टेकण्याआधी क्षणभर लवकर दाबलेलं बटणही वाया जात नाही. उडीच्या शिखरावर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे नेम साधायला सवड मिळते. डोकं कोपऱ्याला चाटलं तर गेम तिला हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला आपली बोटं तयार झाली आहेत एवढंच जाणवतं. ज्याला तरीही अवघड जाईल त्याच्यासाठी खेळाचा वेग कमी करायची सोय आहे.

दरम्यान १९८५ चा मारिओ खेळणं थांबलेलं नाही. तो कमीत कमी वेळात संपवणारे खेळाडू गुप्त वाटांचा वापर करून चार मिनिटं पंचावन्न सेकंदांच्या आत शेवट गाठतात. त्यांनी या गेमचं पोट उलगडून पाहिलं आहे. पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलतो आणि टप्पा संपल्यावर गेम दर २१ बदलांनीच पुढचं दार उघडतो; त्याहून कमी वाचवलेला वेळ फुकट जातो. फक्त शेवटच्या टप्प्यात हा नियम लागू होत नाही, म्हणून विक्रमाची खरी झटापट तिथे एकेका फ्रेमसाठी चालते.