खरूज रक्ततपासणीत कळते का?

पाथर्डी तालुक्यातील तिसगाव परिसरातून दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या तळावर कोपीला कोपी लागून असते आणि एका कोपीत सगळे घर झोपते. खरूज पसरायला एवढे पुरते. ती घाणीमुळेच होते हा समज चुकीचा आहे. अंगाला अंग बराच वेळ लागले की ती होते. खाज थांबेना की ‘रक्त खराब झालंय’ म्हणत लोक रक्त तपासायला जातात. पण माणसांतील खरजेसाठी भरवशाची आणि नेहमीच्या वापरातील रक्ततपासणी आज उपलब्ध नाही.

खरूज ‘सारकॉप्टिस स्केबिआय’ नावाच्या माइटमुळे होते. मादी जेमतेम ०.४ मिलिमीटरची असते. ती कातडीच्या वरच्या थरात भुयार करून रोज दोन-तीन अंडी घालते. ती रक्तात शिरत नाही, त्यामुळे रक्तात प्रत्यक्ष माइट सापडणे शक्यच नाही. एरवीच्या खरजेत साऱ्या अंगावर साधारण १० ते १५ माइट असतात. एवढी खाज सुटते ती माइट, तिची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे.

या प्रतिक्रियेत शरीर प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. मग तीच का मोजू नयेत? कुत्री आणि डुकरांमध्ये तशी ‘एलायझा’ चाचणी वापरतात. स्वीडनमधील संशोधकांनी त्यासाठी कोल्ह्यांच्या अंगावरील माइट वापरले, कारण हा माइट प्रयोगशाळेत नुसता बशीत वाढवता येत नाही. डुकरांच्या कळपात खरूज आहे की नाही, एवढे ठरवायला ही चाचणी चांगली. तिथे प्रश्न कळपाचा असतो. एखाद्या जनावराचा निकाल चुकला तरी चालून जाते.

माणसाच्या बाबतीत तसे चालत नाही. प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. उपचारानंतर ती लगेच नाहीशीही होत नाहीत, त्यामुळे पॉझिटिव्ह निकालावरून खरूज आत्ता आहे की होऊन गेली हे सांगता येत नाही. त्यात घरच्या धुळीतील माइट हे याच माइटचे नातलग. धुळीची ॲलर्जी असलेल्याच्या रक्तातील प्रतिपिंडे खरजेच्या माइटलाही चिकटू शकतात. रक्तातील इओसिनोफिल किंवा एकूण आयजीई वाढलेले दिसले, तरी ते जंत, दमा, ॲलर्जी अशा कितीतरी कारणांनी वाढते. त्या आकड्यावर खरूज ठरवू नये.

निदान होते ते डोळ्यांनी आणि दोन प्रश्नांनी: खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला आहे का? बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती आणि जननेंद्रियावर पुरळ आहे का, हे डॉक्टर पाहतात. शंका असेल तर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मात्र त्यात माइट दिसला नाही म्हणून खरूज नाही असे होत नाही. नुकसान होते ते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने. खाज दबते, पुरळाचे रूप बदलते, निदान चुकते आणि माइट वाढतच राहतात.

उपचारासाठी सहसा ५ टक्के परमेथ्रिनचे मलम देतात. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तासांनी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. लहान मुले व गरोदर स्त्रियांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर तो इतरांना खरूज देत असतो. म्हणून खाज नसलेल्यांसह घरातल्या, कोपीतल्या सर्वांनी एकाच रात्री मलम लावायचे. वापरातले कपडे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे; ते जमत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. माइट मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्यानंतरही नवे पुरळ येत असेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.