सात वाजून चौतीस मिनिटं

१३ ऑगस्ट २०१३, मंगळवार. सकाळी ७.३४.
न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांच्या कार्यालयातल्या उपप्रमुख ब्रिजेट अ‍ॅन केली एक मेल पाठवतात. इंग्रजीत फक्त आठ शब्द. फोर्ट लीमध्ये आता जरा वाहतुकीचा खोळंबा व्हायला हवा, एवढाच मजकूर.

७.३५.
उत्तर येतं: समजलं. पाठवणारे डेव्हिड वाइल्डस्टीन, पूल आणि बोगदे चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीतले क्रिस्टींच्या गोटातले अधिकारी आणि शाळेपासूनचे ओळखीचे. खोळंबा कसला, कशासाठी, कोणी सांगितलं, असं ते काहीच विचारत नाहीत. म्हणजे हा विषय आज पहिल्यांदा निघालेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो आणि राज्य चालवतो. आपल्याकडे ते काम मुख्यमंत्र्याचं. क्रिस्टी रिपब्लिकन, राज्य डेमोक्रॅट वळणाचं, निवडणूक ५ नोव्हेंबरला. विजय जवळपास ठरलेला आहे. प्रश्न फक्त मताधिक्याचा, कारण नजर २०१६ च्या अध्यक्षपदावर आहे. विरोधी पक्षाचे नगराध्यक्षही आपल्यामागे आहेत हे देशाला दाखवायचं आहे. फोर्ट लीचे डेमोक्रॅट नगराध्यक्ष मार्क सोकोलिच यांनी पाठिंबा दिलेला नाही. ते देणारच नाहीत ना, याची केली यांनी आदल्याच दिवशी एका सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली आहे.

फोर्ट ली म्हणजे हडसन नदीकाठचं, तेव्हा साधारण पस्तीस हजार वस्तीचं गाव. जॉर्ज वॉशिंग्टन पूल तिथे सुरू होतो आणि पलीकडे मॅनहॅटनला उतरतो. जगातला सर्वाधिक रहदारीचा पूल. वरच्या मजल्यावर तेव्हा टोलच्या १२ लेन होत्या. सकाळच्या गर्दीत त्यातल्या तीन, नारिंगी कोन लावून, गावातून येणाऱ्या गाड्यांसाठी वेगळ्या राखत. कित्येक दशकांपूर्वीच्या एका गव्हर्नरनं गावाला दिलेली ही सवलत. त्या कोनांवर कोणी राजकारण करेल, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल.

६ सप्टेंबर, शुक्रवार.
वाइल्डस्टीन पुलाच्या अधिकाऱ्यांना सांगतात: सोमवारपासून गावाच्या तीनपैकी दोन लेन मुख्य रस्त्याला द्या. कारण विचारलं तर, वाहतुकीचा अभ्यास. तिन्ही लेनचं वेगळेपण काढून टाकावं, असा मूळ विचार होता. पण गाड्या एकमेकींना घासतील असं अभियंत्यांनी सांगितलं, म्हणून एक लेन राहिली. मग दुसरी अडचण. एकाच बूथवरचा कर्मचारी जेवायला किंवा स्वच्छतागृहात गेला तर सगळं ठप्प होईल. त्यासाठी एक जादा टोल कर्मचारी जादा पगारावर बसवायचं ठरतं. या जादा माणसाची गाठ पुढे सर्वोच्च न्यायालयात पडणार आहे.

पूल आणि बोगद्यांचे संचालक सेड्रिक फुल्टन विचारतात, फोर्ट लीला हे माहीत आहे का? त्याची काळजी तुम्ही करू नका, असं उत्तर मिळतं. पुलाचे व्यवस्थापक रॉबर्ट ड्युरँडो यांना तर गावाला कळवायचं नाही अशीच सूचना आहे. दोघांनाही हे विचित्र वाटतं. दोघांनीही पोर्ट अथॉरिटीचे कार्यकारी संचालक पॅट्रिक फॉय यांना फोन केला नाही.

तो फोन का महत्त्वाचा, हे समजून घ्यायला हवं. पोर्ट अथॉरिटी दोन राज्यांची मिळून. तेव्हा अध्यक्ष आणि उपकार्यकारी संचालक न्यू जर्सीचा गव्हर्नर नेमत असे, कार्यकारी संचालक न्यू यॉर्कचा. फॉय न्यू यॉर्कचे. ही गोष्ट ज्याच्यापासून लपवायची होती, ती थांबवण्याचा अधिकार नेमका त्याच्याकडे होता.

९ सप्टेंबर, सोमवार. पहाट.
कोन हलतात. आज फोर्ट लीतल्या शाळांचा पहिला दिवस. तारीख निवडताना हे लक्षात घेतलेलं आहे.

सकाळची शाळेची वेळ.
गाव तुंबतं. ११ सप्टेंबर २००१ ला पूल बंद झाला होता, तेव्हाची आठवण व्हावी अशी कोंडी. शाळेच्या बसगाड्या जागच्या हलत नाहीत. हृदयविकाराच्या रुग्णापर्यंत पोचायला रुग्णवाहिका धडपडते. एक मूल हरवल्याची खबर येते. पोलिसांना तिथवर जाणं अवघड होतं. हे सगळं पाहायला वाइल्डस्टीन स्वतः पुलावर आलेले आहेत.

साडेनऊच्या सुमारास.
सोकोलिच यांचा फोन पोर्ट अथॉरिटीचे उपकार्यकारी संचालक बिल बॅरोनी यांच्या कार्यालयात. निरोप लिहून घेतला जातो: फोर्ट लीतल्या सार्वजनिक सुरक्षेची तातडीची बाब. निरोप वाइल्डस्टीनकडे जातो, तिथून केलींकडे. केली विचारतात, बॅरोनींनी उलट फोन केला का? वाइल्डस्टीन कळवतात: पूर्ण शांतता. या नगराध्यक्षांचं नाव फुलप यांच्या लगेच पाठोपाठ आहे, अशी जोडही देतात. स्टीव्हन फुलप जर्सी सिटीचे तेव्हाचे महापौर. त्यांनीही पाठिंबा दिलेला नव्हता.

१० सप्टेंबर, मंगळवार. सकाळ.
सोकोलिच बॅरोनींना मोबाइलवर संदेश पाठवतात. मुलांना शाळेत पोचवणं अवघड झालंय, मदत करा. या संदेशात आरोप नाही, राजकारणाचा शब्द नाही. अजून ते विनवणीच करताहेत. संदेश फिरत फिरत केलींपर्यंत येतो. मला हसू येतंय, हे चूक आहे का, असं त्या वाइल्डस्टीनना विचारतात. नाही, असं उत्तर येतं. मुलांचं वाईट वाटतं, असं त्या लिहितात, आणि पुढे: वाटत असावं. वाइल्डस्टीन लिहितात, ती बुओनोंच्या मतदारांची मुलं आहेत. बार्बरा बुओनो म्हणजे निवडणुकीतल्या क्रिस्टींच्या प्रतिस्पर्धी.

त्याच दिवशी गावाच्या रुग्णवाहिका सेवेचे प्रमुख नगराध्यक्षांना पत्र लिहितात. चार ठिकाणी पोचायला उशीर झाला. त्यातल्या एक ९१ वर्षांच्या आजीबाई, घरात बेशुद्ध सापडलेल्या. त्या पुढे रुग्णालयात वारल्या. उशिरामुळे आई गेली असं आपल्याला वाटत नाही, असं त्यांच्या मुलीनं नंतर सांगितलं. ही नोंद महत्त्वाची, कारण पुढच्या गदारोळात अनेकांना त्या मृत्यूचं भांडवल करायचा मोह झाला.

११ सप्टेंबर, बुधवार.
वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी स्मृतिदिन. एका छायाचित्रात क्रिस्टी, बॅरोनी आणि वाइल्डस्टीन एकत्र उभे आहेत. लेनची गोष्ट तिथेच गव्हर्नरच्या कानावर घातली, असं वाइल्डस्टीन पुढे शपथेवर सांगणार. क्रिस्टींनी ते कायम नाकारलं. लेन अजून बंदच.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
सोकोलिच बॅरोनींना पत्र लिहितात. यामागे शिक्षेचा भाव आहे अशा निष्कर्षाला आपण येत आहोत, हे त्यांनी आता स्पष्ट लिहिलं आहे. नगराध्यक्ष भयंकर संतापलेत, असा मेल केलींच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडून येतो. केलींचं उत्तर एका शब्दाचं: छान.

दरम्यान ‘द रेकॉर्ड’ या स्थानिक दैनिकात वाहतुकीवर सदर लिहिणारे जॉन चिचोव्स्की पोर्ट अथॉरिटीला विचारतात, लेन का बंद आहेत? या प्रश्नामुळेच फॉय यांना पहिल्यांदा कळतं. चार दिवस पुलावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला जे दिसत होतं ते संस्थेच्या प्रमुखाला वर्तमानपत्रवाल्याकडून कळलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.४४.
फॉय मेल पाठवतात: लेन पूर्ववत करा. हा निर्णय घाईचा आणि अविचारी आहे, केंद्राच्या आणि दोन्ही राज्यांच्या कायद्यांचा त्यात भंग झाला आहे असं मला वाटतं. कोणाचा जीव गेला नसावा अशी प्रार्थनाही त्यात आहे. बॅरोनी कळवतात, यावर जाहीर चर्चा नको. फॉय उत्तर देतात, जाहीर चर्चा झालीच नाही, हाच तर घोळ आहे.

लेन उघडतात. इथे कोणी माफी मागितली असती तर प्रकरण बहुधा स्थानिक पुरवणीच्या आतल्या पानावर संपलं असतं. वाइल्डस्टीन मात्र केलींना लिहितात की न्यू यॉर्कवाल्यांनी लेन परत दिल्या आणि आपण उट्टं काढायच्या तयारीत आहोत.

५ नोव्हेंबर.
क्रिस्टी साधारण ६० टक्के मतांनी विजयी. तो पाठिंबा लागलाच नाही.

२५ नोव्हेंबर.
बॅरोनी विधानसभेच्या समितीला सांगतात की तो वाहतुकीचा अभ्यास होता.

२ डिसेंबर.
पत्रकार विचारतात तेव्हा क्रिस्टी थट्टा करतात: कोन मीच हलवत होतो, वेष पालटून. चार दिवसांनी वाइल्डस्टीन राजीनामा देतात. ९ डिसेंबरला फॉय, फुल्टन आणि ड्युरँडो शपथेवर साक्ष देतात. फॉय म्हणतात, अशा अभ्यासाचं आपल्याला काहीच ठाऊक नाही.

१२ डिसेंबर.
सप्टेंबरमधला ‘छान’वाला मेल पुसून टाका, असं केली हाताखालच्या त्याच अधिकारी महिलेला सांगतात. ती पुसते, पण आधी एक प्रत ठेवून.

१३ डिसेंबर.
क्रिस्टी वरिष्ठ सहकाऱ्यांना एक तास देतात. कोणाला काही माहीत असेल तर या तासात सांगा. तास संपतो. कोणी काही सांगत नाही. आपल्या माणसांचा यात हात नव्हता, असं गव्हर्नर जाहीर करतात. बॅरोनी त्याच दिवशी पद सोडतात. वाइल्डस्टीनचे मेल तर समितीनं समन्स काढून मागितलेलेच होते.

८ जानेवारी २०१४. सकाळी ८.५० च्या आसपास.
क्रिस्टींचा व्यायाम उरकतो. प्रसिद्धीप्रमुखांचा फोन येतो. ऑगस्टचा सात चौतीसचा मेल बातमीत आला आहे.

९ जानेवारी. सकाळी ९.
केली बडतर्फ.

सकाळी ११.
पत्रकार परिषद. जवळजवळ दोन तास. मला माहीत नव्हतं, माझी फसवणूक झाली, मी दांडगट नाही. नंतर ते फोर्ट लीला जाऊन सोकोलिच यांची माफी मागतात. पाठिंबा न देणारे नगराध्यक्ष आपल्या फारसे ओळखीचेही नव्हते, असं ते त्या दिवशी म्हणाले होते.

क्रिस्टींवर या प्रकरणात कधीच खटला झाला नाही. मे २०१५ मध्ये वाइल्डस्टीननी गुन्हा कबूल केला. १० फेब्रुवारी २०१६ ला, न्यू हॅम्पशायरमध्ये सहाव्या क्रमांकावर राहिल्यावर, क्रिस्टी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले. नोव्हेंबरमध्ये केली आणि बॅरोनी दोषी ठरले. ७ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ती दोषसिद्धी रद्द केली. फसवणूक, भ्रष्टाचार, सत्तेचा गैरवापर हे पुराव्यातून दिसतं, असं न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालात लिहिलं; पण केंद्राच्या फसवणूकविरोधी कायद्याला पैसा किंवा मालमत्ता लुबाडण्याचा हेतू लागतो. सरकारी वकिलांनी त्यासाठी त्या जादा टोल कर्मचाऱ्याच्या पगाराकडेही बोट दाखवलं होतं. न्यायालय म्हणालं, तो खर्च कटाचा उद्देश नव्हता, ओघानं आलेला होता.